२८२ गुणांचा सत्कार आणि आपला ७५ टक्क्यांचा गुणगौरव

दहावीचा निकाल लागला की जळगाव-धुळ्याच्या वस्त्यावस्त्यांत ‘गुणवंत विद्यार्थी गुणगौरव सोहळा’ सुरू होतो. समाजमंदिरासमोर मंडप, मागे बाबासाहेब, फुले आणि सावित्रीमाईंचा फ्लेक्स आणि पत्रकाच्या तळाशी एक ओळ: ‘७५ टक्क्यांपेक्षा जास्त गुण असलेल्यांनीच गुणपत्रिकेची झेरॉक्स जमा करावी.’ मीही अशा मंडपांत बसलो आहे, पुष्पगुच्छ दिले आहेत, भाषणे ठोकली आहेत. म्हणून आज जे लिहितो आहे ते आधी स्वतःला लागू आहे, मग इतरांना.

फ्लेक्सवर ज्यांचा फोटो सर्वात मोठा असतो, ते भीमराव रामजी आंबेडकर १९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. टक्केवारी काढा. ३७.६ येते. म्हणजे आपण घातलेल्या अटीत स्वतः बाबासाहेब बसत नाहीत. आपल्याच मंडपात आपण त्यांना मागच्या खुर्चीवर बसवले असते आणि पुढे सत्तर-ऐंशी टक्केवाल्यांना मोमेंटो वाटले असते.

त्या काळच्या माणसांनी मात्र असे केले नाही. सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सभा भरली आणि या २८२ गुणांच्या मुलाचा जाहीर सत्कार झाला. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हातात ठेवले. त्या पुस्तकाची वाट पुढे कुठपर्यंत गेली हे १९५६ च्या नागपूरने पाहिले आहे. त्या सभेने टक्के मोजले नाहीत, अंतर मोजले. परळच्या चाळीतली एक खोली, वर्गातली वेगळी वागणूक, शिकायचे होते ते संस्कृत नाकारून पदरात टाकलेले फारसी, एवढे सगळे ओलांडून पोरगा कुठे पोचला हे त्यांनी पाहिले.

यावर कोणी म्हणेल, ‘भाऊ, तेव्हाचे ३७ म्हणजे आताचे ९०. तेव्हाची मॅट्रिक मुंबई विद्यापीठाची, कडक.’ अगदी कबूल. पण हे कबूल केले की पुढचेही कबूल करावे लागते. गुण हा मुलाच्या कपाळावर जन्मतः लिहून आलेला आकडा नाही. परीक्षा कोण घेतो, नियम काय, कागद कोण तपासतो आणि किती गुण कोणाच्या हातात आहेत, यावर तो ठरतो. नियम बदलला की आकडा बदलतो. आणि आपल्या पालकांना नेमके हे नियमच कोणी सांगत नाही.

पुरावा महाराष्ट्राच्याच मंडळाचा देतो. २०१८ साली दहावीचा राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ ला तो ७७.१० वर आला. २०२० ला थेट ९५.३० वर गेला. एका वर्षात महाराष्ट्राच्या पोरांची बुद्धी बारा टक्क्यांनी आटली आणि पुढच्याच वर्षी अठरा टक्क्यांनी वाढली काय? तसे काही झाले नव्हते. २०१९ ला भाषा आणि समाजशास्त्रे या विषयांचे शाळेच्या हातातले २० अंतर्गत गुण काढून टाकले होते आणि दहावीचा अभ्यासक्रमही नवा होता. निकाल कोसळला, ओरड झाली, आणि अंतर्गत गुण परत आले. २०२० ला कोरोनामुळे भूगोलाचा पेपर झालाच नाही, त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीने दिले गेले. २०२१ ला तर परीक्षाच झाली नाही. नववीचा निकाल, दहावीतले शाळेचे लेखी मूल्यमापन आणि तोंडी-प्रात्यक्षिक एकत्र करून निकाल लावला, तो ९९.९५ टक्के लागला. गावे तीच, शाळा त्याच, घरेही तीच. बदलला तो फक्त नियम.

मग २०१९ ला जी पोरे ‘नापास’ म्हणून गिरणीत, जिनिंगमध्ये, केळीच्या बागेत मजुरीला लागली, त्यांना जाऊन कोण सांगणार की बाळा, तू एक वर्ष आधी किंवा एक वर्ष नंतर जन्मला असतास तर कदाचित पास झाला असतास? त्यांनी तर मनाशी पक्के धरले आहे की आपल्यात डोकेच नव्हते. त्यांच्या आईबापानेही तेच धरले आहे. ही शिक्षा नापास होण्यापेक्षा मोठी आहे.

म्हणून पालकहो, आधी दहावीची गुणपत्रिका नीट समजून घेऊ. सहा विषय, प्रत्येकी १००, एकूण ६००. पण या १०० पैकी मंडळाच्या लेखी परीक्षेचे ८०. उरलेले २० शाळेच्या हातात. भाषेत तोंडी परीक्षा आणि स्वाध्याय, गणितात गृहपाठ आणि चाचणी, विज्ञानात प्रात्यक्षिक, अशा वाटांनी ते दिले जातात. पास व्हायला दोन्ही मिळून ३५ लागतात. ज्या मुलाला शाळेने २० पैकी १९ दिले त्याला लेखीत ८० पैकी १६ पुरतात. ज्याला ९ दिले त्याला २६ मिळवावे लागतात. शेवटचा ३५ हा आकडा दोघांचा सारखाच दिसतो, पण एकाला चढ दहा गुणांनी जास्त आहे. टक्केवारी मात्र सहापैकी सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवर काढतात. ७५ च्या वर विशेष प्रावीण्य, ६० च्या वर प्रथम श्रेणी, ४५ च्या वर द्वितीय, ३५ च्या वर पास.

शिवाय चित्रकलेच्या शासकीय परीक्षा, खेळ, शास्त्रीय कला, लोककला यांचे वाढीव गुण असतात. या वाढीव गुणांच्या जोरावर १०० टक्के मिळवणारी मुले दरवर्षी निघतात. २०२४ ला राज्यात अशी १८७ होती. त्यांच्या मेहनतीबद्दल आकस नाही. पण विचारा स्वतःला: आपल्या वस्तीतल्या किती मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षेला बसवले? वामनदादांची गाणी आणि भीमगीते गाणारी, ढोलकी-हलगी वाजवणारी आपली पोरे आहेत. लोककलेलाही गुण असतात हे त्यांना कोणी सांगितले? प्रस्ताव शाळेने मंडळाकडे पाठवायचा असतो. ज्याचा बाप शाळेत जाऊन विचारतो त्याचा प्रस्ताव जातो, बाकीच्यांचा राहतो. मग ज्याला ‘मेरिट’ म्हणतात त्यातला काही भाग हा केवळ माहितीचा भाग नाही काय?

२०२५ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होत आहेत. आधी पाचोऱ्याच्या किंवा साक्रीच्या मुलाला तालुक्याच्या कॉलेजात जाऊन अर्ज भरता येत होता. आता यादी संगणकावर लागते आणि एकेका गुणाने वर-खाली होते. अशा वेळी शाळेच्या हातातले २० गुण म्हणजे किरकोळ बाब नव्हे. प्रत्येक शिक्षक जात पाहून गुण देतो असे मी म्हणत नाही. असंख्य शिक्षक आपल्या पोरांसाठी जीव टाकतात, त्यांच्यामुळेच आपण इथवर आलो. माझे म्हणणे एवढेच आहे की जो गुण बंद कपाटात दिला जातो आणि ज्याचा हिशेब कोणी मागत नाही, त्यात पक्षपाताला जागा असते. आणि या देशात जिथे जागा असते तिथे जात जाऊन बसते, हे सांगायला आंबेडकरवाद्याला पुस्तक उघडावे लागत नाही.

भाषेचेच पाहा. आपल्या घरात अहिराणी, तावडी, भिली, पावरी बोलली जाते. मूल तोंडी परीक्षेला उभे राहते आणि ‘माले’, ‘तुले’ निघून जाते. समोरचा हसतो, ‘शुद्ध बोल’ म्हणतो आणि गुण कापतो. याच खान्देशातल्या विद्यापीठाला आपण २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव दिले आहे. त्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हते आणि ती घरच्याच बोलीत बोलली. विद्यापीठाच्या कमानीवर तिचे नाव कोरायचे आणि तिच्या बोलीत बोलणाऱ्या पोराचे तोंडी परीक्षेत गुण कापायचे, हा कोणता न्याय? प्रमाण मराठी शिकवावीच. पण ती शिकवणे हे शाळेचे काम आहे, ती न येणे हा मुलाचा गुन्हा नाही.

आता आठवीपर्यंतचे. इथे सर्वात मोठे खोटे पसरवलेले आहे. पारावर, वर्तमानपत्रात, मास्तरांच्या खोलीत, सगळीकडे एकच वाक्य: ‘आरटीई आला, आठवीपर्यंत ढकलगाडी सुरू झाली, म्हणून पोरे बिघडली.’ आपल्यातलेही शिकलेले लोक हे पोपटासारखे बोलतात. २००९ चा शिक्षण हक्क कायदा एकदा वाचा. कलम १६ ने मुलाला मागे ठेवू नका असे सांगितले. त्याच कायद्याच्या कलम २९ ने सर्वंकष आणि सातत्यपूर्ण मूल्यमापन करा असेही सांगितले. म्हणजे परीक्षा काढून टाकली नव्हती. वर्षात एक-दोनदा होणारी मोजणी रोजची केली होती. महाराष्ट्राने २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने त्याची पद्धत ठरवली. आकारिक मूल्यमापन म्हणजे रोजचे निरीक्षण, तोंडीकाम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय. संकलित मूल्यमापन म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. पहिली-दुसरीला आकारिकचा भार ७० टक्के, सातवी-आठवीला ४०. मिळालेल्या गुणांवर श्रेणी: ९१ च्या वर अ-१, मग अ-२, ब-१, ब-२, क-१, ४१ ते ५० ला क-२, ३३ ते ४० ला ड, त्याखाली ई-१ आणि ई-२.

आणि याच निर्णयातली जी गोष्ट पालकांना कधीच सांगितली जात नाही ती ही: मुलाची श्रेणी क-२ च्या खाली गेली तर त्याला जादा मार्गदर्शन करून किमान क-२ पर्यंत आणणे हे शिक्षकाचे आणि शाळेचे बंधन आहे. पुन्हा वाचा. ‘ड’ हा मुलाच्या डोक्यावरचा शिक्का नाही. ‘ड’ ही शाळेला दिलेली नोटीस आहे. ती नोटीस शाळेने वाचली नाही, नोंदवहीत सगळ्यांसमोर एकसारखे ‘अभ्यासात प्रगती आहे’ असे लिहून टाकले, आणि मूल न शिकता आठवीपर्यंत गेले. मग ढकलगाडी कोणी चालवली? कायद्याने की नोंदवहीने? शिक्षकांवर सर्वेक्षणे, निवडणुका, ऑनलाइन माहितीचा डोंगर टाकणाऱ्या सरकारचाही यात वाटा आहे, तो मी लपवत नाही. पण शिक्षा कोणाला झाली? २०१९ ला केंद्राने कायदा बदलला आणि २०२३ ला महाराष्ट्राने नियम बदलून पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा, पुन्हा एक संधी आणि त्यानंतर त्याच वर्गात ठेवणे आणले. चूक नोंदवहीची, नापास मात्र पोरगे. वर्गात मागे बसवण्याची पद्धत आपल्याला नवी नाही. तिला आता ‘गुणवत्ता’ म्हणतात एवढाच फरक.

बाबासाहेबांनी १२ मार्च १९२७ ला मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना दाखवून दिले होते की प्राथमिक शाळेत येणाऱ्या शंभर मुलांतली फक्त अठरा चौथीपर्यंत पोचतात, बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात. त्यांनी त्या ब्याऐंशींना मठ्ठ म्हटले नाही. त्यांनी सरकारकडून हिशेब मागितला. आंबेडकरवादी पद्धत ती आहे: मुलाला जाब विचारायचा नाही, व्यवस्थेला विचारायचा.

हाच जाब नववीबद्दल विचारा. दहावीच्या निकालादिवशी चौकाचौकात बॅनर लागतात, ‘आमच्या विद्यालयाचा निकाल १०० टक्के’. टक्केवारी काढताना भागायचे कशाने? परीक्षेला बसलेल्यांच्या संख्येने. नववीला किती होते हे बॅनरवर नसते. आठवीनंतर कायद्याचे छत्र संपते. नववीत कच्च्या मुलाला नापास करायचे किंवा बापाला बोलावून हळूच सांगायचे, ‘दाखला घेऊन जा, बाहेरून सतरा नंबरचा फॉर्म भर.’ एका आईने मला मुलाचा दाखला दाखवला तेव्हा ती म्हणाली, ‘आमले काय समजस भाऊ, मास्तर सांगस ते खरं.’ तिचा मुलगा त्या दिवसापासून वीटभट्टीवर आहे आणि त्या शाळेचा निकाल चांगला लागला. सतरा नंबरचा फॉर्म ही शाळा सुटलेल्यांसाठी केलेली चांगली सोय आहे. शाळेत बसलेल्या पोराला बाहेर काढण्याची ती मोरी नाही.

काही वर्षांपूर्वी सरकारने नापास शब्द काढून गुणपत्रिकेवर ‘कौशल्य विकासास पात्र’ असा शेरा आणला. ऐकायला गोड आहे. पण हातकामाला पात्र कोण आणि डोक्याच्या कामाला पात्र कोण, हे जन्मावरून ठरवणारी व्यवस्था ज्यांनी हजारो वर्षे सोसली, त्यांनी या शेऱ्यावर टाळ्या वाजवू नयेत. कौशल्य वाईट नाही. ते मुलाने निवडावे, शेऱ्याने त्याच्यासाठी निवडू नये.

आता करायचे काय? ओरडून काही होत नाही, कागद मागून होते.

आठवीपर्यंतच्या मुलाचे प्रगतिपुस्तक सही करून परत देऊ नका, आधी वाचा. क-२ च्या खाली श्रेणी असेल तर मुख्याध्यापकांना लेखी विचारा: जादा मार्गदर्शन कोणत्या महिन्यात, कोणी, किती दिवस दिले? आकारिक मूल्यमापनाची नोंदवही पाहायला मागा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, त्यांत निम्म्या महिला आणि वंचित घटकांचे प्रतिनिधित्व कायद्याने ठरलेले आहे. त्या खुर्चीवर सरपंचाच्या माणसाला बसू देऊ नका, आपल्या बाईला बसवा.

नववी-दहावीला पहिल्या सत्रातच विचारा की २० गुण कशाचे आहेत, किती स्वाध्याय आणि किती प्रात्यक्षिके होणार, आणि मुलाचे किती झाले. मार्चमध्ये विचारून उपयोग नाही. चित्रकला, खेळ, लोककला यांचा प्रस्ताव गेला का याची पोच मागा.

निकालानंतर गुण कमी वाटले तर मुलाला मारू नका, मंडळाच्या संकेतस्थळावर गुणपडताळणीचा आणि उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीचा अर्ज करा. छायाप्रत हातात आल्यावर पाच कामाच्या दिवसांत पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहणे हा परीक्षार्थीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०११ ला सांगितलेले आहे. छायाप्रतीत ८० चा हिशेब दिसेल. २० चा कागद शाळेत आहे. शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल तर माहितीच्या अधिकारात तोही मागा. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीने अकरावीला बसता येते आणि त्याच पावसाळ्यात पुरवणी परीक्षा असते. म्हणजे वर्ष वाया गेले असे म्हणून पोराला कामाला लावण्याचे काहीच कारण नाही. शाळा ऐकत नसेल तर जिल्हा परिषदेत माध्यमिकचे शिक्षणाधिकारी आहेत, आणि जळगाव, धुळे, नंदुरबारसाठी नाशिकचे विभागीय मंडळ आहे.

आणि हे प्रत्येक आईबापाला एकट्याने जमणार नाही. रोजंदारी बुडवून शाळेत जाणे म्हणजे त्या दिवसाची चूल विझवणे. म्हणून हे काम समाजमंदिराचे आहे. वस्तीतल्या शिकलेल्या पोरापोरींनी दर महिन्याला एक संध्याकाळ तिथे बसावे, प्रगतिपुस्तके गोळा करावीत, अर्ज लिहून द्यावेत. ‘शिका’ हा शब्द आपण भिंतीवर निळ्या रंगात रंगवला. पण शिकल्याचे मोजमाप कसे करतात हे शिकायचे राहून गेले.

३१ जुलै १९३७ ला बाबासाहेब धुळ्यात आले होते. त्या आठवणीसाठी दरवर्षी आपण लळिंगच्या लांडोर बंगल्याला भीमस्मृती यात्रेला जातो. या वर्षी जाताना सोबत आपल्या मुलाची गुणपत्रिकाही घ्या, मग ती कितीचीही असो. आणि आयोजकांनो, पुढच्या गुणगौरवाच्या पत्रकातून ती ७५ टक्क्यांची ओळ काढून टाका. नव्वदवालीला जरूर बोलवा, तिने कष्ट केले आहेत. पण दिवसा कापूस वेचून रात्रशाळेत बसलेल्या, दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा ३८ टक्क्यांनी सुटलेल्या पोरालाही त्याच रांगेत उभे करा आणि त्याच्या हातात एक पुस्तक ठेवा. केळुसकर गुरुजींनी ठेवले होते तसे.

जय भीम! जय संविधान!